पायथनमध्ये स्ट्रीम हाताळताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यातले बरेचसे प्रश्न मला विचारले गेले आहेत आणि उरलेले मीच रात्री अकरा वाजता स्वतःला विचारलेले आहेत. विषय पायथनच्या स्टँडर्ड लायब्ररीपुरता ठेवला आहे. फंक्शनची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना अर्थातच रोमनमध्ये करायची. उदाहरणं बहुतेक मराठी मजकुराची आहेत आणि त्यामागे भाषाप्रेमापेक्षा स्वार्थ जास्त आहे. इंग्रजी मजकुरावर वर्षानुवर्षं लपून बसणारी चूक मराठी फाइल पहिल्याच दिवशी बाहेर काढते.

स्ट्रीम म्हणजे फाइलच ना?

फाइल हा त्यातला एक प्रकार. डेटा क्रमाने, थोडाथोडा येतो किंवा जातो आणि शेवट कुठे आहे हे आधीच ठाऊक असेल याची खात्री नसते, ते सगळं स्ट्रीम. कीबोर्ड, दुसऱ्या प्रोग्रामचं आउटपुट, नेटवर्कचं सॉकेट, जीझिपमधून सुटत येणारा मजकूर, सगळं यातच आलं. पायथनमध्ये या बहुतेकांचा तोंडवळा सारखाच आहे: रीड, राइट, क्लोज. म्हणून फंक्शन लिहिताना त्याला फाइलचं नाव देऊ नका, उघडलेला ऑब्जेक्ट द्या. मग तेच फंक्शन फाइलवर, स्टँडर्ड इनपुटवर आणि टेस्टमधल्या खोट्या फाइलवरही चालतं.

ओपन केल्यावर हातात नेमकं काय येतं?

एकावर एक बसवलेल्या तीन वस्तू. तळाला फाइलआयओ, जी ऑपरेटिंग सिस्टिमकडून कच्चे बाइट आणते. तिच्यावर बफर्डरीडर किंवा बफर्डरायटर. सगळ्यात वर टेक्स्टआयओरॅपर, जो बाइटची अक्षरं करतो. ही रचना २००७ च्या पेप ३११६ या प्रस्तावातून आली आणि डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या पायथन ३.० पासून ओपन याच पद्धतीने चालतं.

विहिरीवरची मोट ज्यांनी पाहिली असेल त्यांना खालचे दोन थर लगेच कळतील. मोट थेट वाफ्यात ओतत नाहीत. ती थारोळ्यात रिकामी होते आणि तिथून पाटाने पाणी बेताबेताने जातं. ऑपरेटिंग सिस्टिमकडे मारलेली प्रत्येक खेप महाग असते, म्हणून एका खेपेत जास्त आणायचं, थारोळ्यात साठवायचं आणि प्रोग्रामला लागेल तसं सोडायचं. हे थारोळं म्हणजे बफर. त्याचं माप अनेक वर्षं ८१९२ बाइट होतं, नव्या आवृत्त्यांत वाढवलं आहे; तुमच्याकडे किती ते आयओ मोड्यूलमधल्या डीफॉल्ट बफर साइज या नावात बघता येतं.

तिसऱ्या थराला विहिरीवर जोड सापडत नाही. खरे तंटे मात्र तिथेच होतात. मोडमध्ये 'बी' लिहिलंत की हा थर बसतच नाही आणि तुम्हाला बाइट मिळतात. टेक्स्ट फाइल आधीच उघडलेली असेल आणि खालचे बाइट हवे असतील तर तिच्या बफर या गुणधर्मातून ते मिळतात. स्टँडर्ड इनपुटमधून फोटो किंवा झिप वाचायची असेल तर सिस.एसटीडीइन.बफर वापरायचं ते याचसाठी.

फाइल ४ जीबीची आहे आणि सर्व्हरची मेमरी २ जीबी. कशी वाचू?

नुसता फॉर लूप लावा: फॉर ओळ इन फाइल. एका वेळी एकच ओळ मेमरीत येते. रीड किंवा रीडलाइन्स अजिबात नको. रीडलाइन्स तर दुप्पट वाईट, कारण मजकूर अख्खा येतोच, वर प्रत्येक ओळीच्या ऑब्जेक्टचा खर्च वेगळा.

एक अट आहे: फाइलमध्ये ओळी असायला हव्यात. जेसनची मोठी फाइल बऱ्याचदा एकाच ओळीची असते आणि तिच्यावर हा लूप म्हणजे रीडच. जेसन.लोडकडूनही आशा ठेवू नका, ते आतून रीड करूनच सुरुवात करतं. फाइल तयार करणं तुमच्या हातात असेल तर प्रत्येक ओळीत एक स्वतंत्र जेसन नोंद लिहा. अर्धी फाइल आली तरी आलेल्या ओळी वाचता येतात, हा वर फायदा.

जेसन लिहिताना आणखी एक. डंप करताना एन्श्युअर आस्की हा पर्याय मुळात चालू असतो आणि त्यामुळे प्रत्येक मराठी अक्षर सहा खुणांचा कोड होऊन बसतं. तेच यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये लिहायच्या आजच्या रूढ पद्धतीत (अशा पद्धतीला एन्कोडिंग म्हणतात), तीन बाइटचं असतं. म्हणजे मजकूर वाचता येत नाही तो नाहीच, वर फाइल दुप्पट. तो पर्याय फॉल्स करा.

ओळी नकोत, ठरावीक मापाचे तुकडे हवेत. तसं वाचलं की मराठी अक्षरं फुटतात. का?

कारण तुम्ही बाइट मोजताय आणि अक्षर तीन बाइटचं आहे.

यूटीएफ-८ मध्ये इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरी खुणेला तीन. 'म' म्हणजे २२४, १६४, १७४. 'र' म्हणजे २२४, १६४, १७६. देवनागरीचा प्रत्येक वर्ण २२४ नेच सुरू होतो आणि दुसरा बाइट १६४ किंवा १६५ असतो. आता ८१९२ बाइटचा तुकडा घ्या. निव्वळ देवनागरी मजकूर असेल तर त्यात २७३० खुणा पुऱ्या बसतात आणि दोन बाइट उरतात. ते दोन बाइट पुढच्या अक्षराचे. तिसरा पुढच्या तुकड्यात गेला. पहिला तुकडा डीकोड करायला गेलात तर 'डेटा अचानक संपला' अशी तक्रार येते, दुसरा करायला गेलात तर 'सुरुवातीचा बाइट चुकीचा'.

आणि तुकड्याचं माप बदलून सुटका नाही. ४०९६, ८१९२, ६५५३६ ही सगळी मापं दोनाच्या घातातली. दोनाच्या कुठल्याही घाताला तीनने भाग जात नाही. मधेमधे स्पेस आणि न्यूलाइन असतात, ते एकेका बाइटचे, त्यामुळे एखादा तुकडा योगायोगाने अक्षराच्या कडेलाच तुटतो आणि 'माझ्याकडे तर चाललं होतं' हे वाक्य जन्माला येतं.

यावर इलाज सोपा आहे आणि तो पायथनकडे तयार आहे. फाइल टेक्स्ट मोडमध्ये उघडता येत असेल तर तशीच उघडा. मग रीडला दिलेला आकडा अक्षरांचा धरला जातो आणि सांध्यावर अडकलेले बाइट वरचा थर स्वतः सांभाळतो. बाइट दुसरीकडून येत असतील, समजा सॉकेटवरून, तर कोडेक्स मोड्यूलमधून यूटीएफ-८ चा इन्क्रिमेंटल डीकोडर घ्या. अर्धवट बाइट तो पोटात ठेवतो आणि पुढचा तुकडा आला की जोडून देतो. शेवटच्या वेळी फायनल हा पर्याय ट्रू करायला विसरू नका, नाहीतर पोटात राहिलेल्या अर्ध्या अक्षराबद्दल तो चकार शब्द काढणार नाही.

टेक्स्ट मोडमध्ये १० मागितले की १० अक्षरं मिळतात ना?

युनिकोडच्या हिशेबाने दहा, आपल्या हिशेबाने नाही. 'महाराष्ट्र' हा शब्द आपण चार अक्षरांचा म्हणू: म, हा, रा, ष्ट्र. पायथन त्याची लांबी १० सांगतो, कारण काना आणि हलन्त वेगळे मोजले जातात. यूटीएफ-८ मध्ये बाइट ३०. तुकडा हलन्तावर तुटला तर एरर येणार नाही, पण स्क्रीनवर पाय मोडलेला 'ष्' दिसेल. आपल्या अर्थाने अक्षरं मोजणारं काही स्टँडर्ड लायब्ररीत नाही. म्हणून मराठी मजकूर तोडायचा असेल तर ओळीवर तोडा, निदान स्पेसवर.

विंडोजवर 'चारमॅप' नावाची एरर येते, लिनक्सवर तीच फाइल चालते. घोळ काय आहे?

ओपनला एन्कोडिंग सांगितलं नाही. मग पायथन मशीनची सवय धरतो आणि इंग्रजीत बसवलेल्या विंडोजची सवय म्हणजे कोडपेज १२५२. पश्चिम युरोपच्या लिपीसाठीचं ते माप आपल्या अंगाला लावलं जातं.

यातला वाईट भाग असा की एरर दर वेळी येत नाही. १२५२ मध्ये पाच बाइटना अर्थच दिलेला नाही: १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७. आता 'ु' या उकाराचा शेवटचा बाइट १२९ आहे. हलन्ताचा १४१. 'ए' चा १४३, 'ऐ' चा १४४, 'झ' चा १५७. यांपैकी काही आलं की पायथन थांबतो. यांपैकी काहीच नसेल तर मजकूर निमूटपणे कचरा होऊन आत येतो. गावांची यादी घ्या: नाशिक, सातारा, नागपूर बिनबोभाट आत शिरतात आणि पुणे, मुंबई, कोल्हापूर दारात अडतात. यादीत वर नाशिक असेल तर तुम्हाला वाटतं पहिल्या ओळी नीट वाचल्या गेल्या. नाही वाचल्या गेल्या, फक्त ओरड झाली नाही.

कचरा ओळखायची खूण सांगतो. डोक्यावर उलटी तिरकी रेघ असलेला रोमन 'ए' आणि त्याला लागून चलनाची गोल खूण किंवा जपानी येनची खूण, अशा जोड्या ओळभर दिसत असतील तर ते यूटीएफ-८ मधलं देवनागरी आहे आणि ते १२५२ समजून वाचलं गेलं आहे. तो 'ए' म्हणजे २२४, चलनाची खूण १६४, येन १६५. फॉन्ट बसवून काही होणार नाही.

प्रत्येक ओपनमध्ये एन्कोडिंग यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहा. पायथन ३.१५ पासून तेच मुळात धरायचं ठरलं आहे, पण तुमच्या गिऱ्हाइकाच्या मशीनवर कुठली आवृत्ती बसलेली आहे हे तुम्ही ठरवत नाही. आपण कुठे लिहायचं विसरलो ते शोधायला ३.१० पासून एन्कोडिंग वॉर्निंग आहे. एक्स पर्यायात 'वॉर्न डीफॉल्ट एन्कोडिंग' दिलं की प्रत्येक विसरलेली जागा दाखवते.

एरर्स इग्नोर लिहिलं की एरर जाते. मग अडचण काय?

अडचण मी भोगलेली आहे. ऊसवाहतुकीच्या नोंदींची एक फाइल होती, शेतकऱ्यांची नावं मराठीत. रात्री काम संपवायचं होतं, एरर येत होती, मी एरर्स इग्नोर टाकलं आणि झोपायला गेलो. एन्कोडिंग चुकीचंच होतं, पण एरर गेली होती. सकाळी नावांच्या जागी वर सांगितलेला कचरा. मला वाटलं, हरकत नाही, उलटं फिरवू: कचरा १२५२ मध्ये एन्कोड करायचा, परत यूटीएफ-८ ने डीकोड करायचा. नुसतं एन्कोडिंग चुकलं असतं तर हे जमलंही असतं. पण इग्नोरने ते पाच बाइट गाळून टाकले होते. २२४, १६५ आणि पुढे काहीच नाही. तिथे उकार होता की हलन्त, हे आता फाइल सांगू शकत नव्हती. 'पुंडलिक' आणि 'प्रल्हाद' दोघांच्याही 'प' नंतर सारखंच भगदाड. मूळ फाइल परत मागवावी लागली, आणि ती मागतानाचा फोन मला अजून आठवतो.

एरर गिळायचीच असेल तर इग्नोरऐवजी रिप्लेस वापरा. निदान जागेवर प्रश्नचिन्हाचा चौकोन दिसतो आणि काहीतरी गेलं हे कळतं. बाइट जसेच्या तसे परत लिहायचे असतील तर सरोगेटएस्केप आहे. तो न समजलेला बाइट झाकून नेतो आणि लिहिताना तोच परत काढतो.

सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडली की मराठी जातं. आणि एक्सेलमधून आलेली वाचली की पहिला कॉलम सापडत नाही.

दोन्हींचं मूळ एकच: फाइलच्या तोंडाशी असणारी तीन बाइटची खूण, २३९, १८७, १९१. तिला बॉम म्हणतात. एक्सेलला ती दिसली की ते यूटीएफ-८ समजतं, नाही दिसली तर बऱ्याचदा जुन्या कोडपेजवर जातं. उलट, एक्सेलने ती घातली आणि तुम्ही साध्या यूटीएफ-८ ने वाचलंत तर ती पहिल्या कॉलमच्या नावाला चिकटते. प्रिंट केलं तर 'गाव' दिसतं, पण डिक्शनरीत 'गाव' शोधलं की की-एरर. लांबी छापून पाहा: ग, काना, व या तीन खुणांऐवजी चार खुणांचं गाव.

दोन्हीवर उत्तर यूटीएफ-८-सिग हे एन्कोडिंग. वाचताना खूण असेल तर काढतं, लिहिताना घालतं.

सीएसव्ही उघडताना न्यूलाइन हा पर्याय रिकाम्या स्ट्रिंगचा द्या. न दिल्यास विंडोजवर लिहिलेल्या फाइलमध्ये एकाआड एक रिकामी ओळ येते. आणि सीएसव्हीच्या नोंदी ओळी मोजून मोजू नका. पत्त्याच्या रकान्यात कुणी 'मु. पो.' नंतर एंटर मारलेला असतो. अवतरणचिन्हांच्या आतला एंटर हा नोंदीचा भाग आहे. सीएसव्ही रीडरला ते कळतं, स्प्लिटला नाही.

प्रिंट केलेलं टर्मिनलवर लगेच दिसतं, लॉग फाइलमध्ये मात्र दहा मिनिटांनी. का?

समोर टर्मिनल असेल तर स्टँडर्ड आउटपुट ओळ संपली की रिकामं होतं. फाइल किंवा पाइप (एका प्रोग्रामचं आउटपुट दुसऱ्याला जोडणारी नळी) असेल तर थारोळं भरल्यावर. प्रिंटमध्ये फ्लश ट्रू द्या (३.३ पासून आहे), किंवा पायथन 'यू' पर्यायाने चालवा, किंवा पायथन-अनबफर्ड हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लावा. कंटेनरमध्ये लॉग 'येतच नाहीत' अशी तक्रार असते तिचं कारणही बऱ्याचदा हेच. एरर आउटपुट ३.९ पासून नेहमीच ओळीओळीने जातं, त्यामुळे लॉगमध्ये एरर आधी आणि तिच्या अगोदरचा प्रिंट नंतर, असा उलटा क्रमही दिसू शकतो.

फ्लश केलं म्हणजे डिस्कवर गेलं?

नाही. पायथनच्या हातून ऑपरेटिंग सिस्टिमच्या हाती गेलं. तिथून डिस्कवर ढकलायला ओएस.एफसिंक. प्रत्येक ओळीनंतर ते केलंत तर प्रोग्राम रडतखडत चालेल. पैशाच्या नोंदी असतील तर करा, नाहीतर सोडा.

जनरेटर वापरा असं सगळे सांगतात. त्याचा स्ट्रीमशी काय संबंध?

ओळ वाचणारं एक फंक्शन, रिकाम्या ओळी गाळणारं दुसरं, आकडे काढणारं तिसरं, प्रत्येकात यील्ड. एकाला एक जोडलं की नळाला नळ जोडल्यासारखं होतं आणि शेवटच्या टोकाला कुणी मागितल्याशिवाय पहिल्या टोकाला एकही ओळ वाचली जात नाही. यील्ड २००१ च्या पायथन २.२ पासून आहे, म्हणजे ही काही नवी चाल नाही.

दोन खड्डे आहेत. एक: जनरेटर एकदाच वाहतो. आधी मोजायला फिरवला आणि मग छापायला गेलात तर हाती शून्य, आणि एररही नाही. फाइल ऑब्जेक्टचंही तसंच, पण तिला सीक करून सुरुवातीला नेता येतं, जनरेटरला नाही. आयटर-टूल्समधलं टी हे त्यावर औषध वाटतं, पण दोन फांद्यांपैकी एक पुढे गेली की मधलं सगळं मेमरीत साठत जातं. एक फांदी शेवटपर्यंत नेऊन मग दुसरी सुरू करणार असाल तर सरळ लिस्ट करा.

दोन: विथच्या आत जनरेटर तयार करून बाहेर परत केलात तर तो वापरायच्या वेळी फाइल बंद झालेली असते. विथ जनरेटर फंक्शनच्या आत हवा.

नोंदी पाचशे-पाचशेच्या गठ्ठ्याने डेटाबेसमध्ये टाकायच्या असतील तर ३.१२ पासून आयटर-टूल्समध्ये बॅच्ड आहे. त्याआधीच्या आवृत्त्यांत आयस्लाइस.

जीझिप आणि झिप, दोन्ही न सोडवता थेट वाचता येतात?

जीझिप हो. जीझिप.ओपन करा आणि लूप लावा. एवढं लक्षात ठेवा की त्याचा मूळ मोड बाइटचा आहे. 'आरटी' आणि एन्कोडिंग स्वतः लिहावं लागतं. फाइल खराब आहे का याची तपासणी करणारा आकडा जीझिपच्या शेवटी असतो, म्हणून लाखभर नोंदी डेटाबेसात गेल्यावर शेवटच्या क्षणी एरर येऊ शकते. सगळं एका ट्रान्झॅक्शनमध्ये ठेवा.

झिपचं वेगळं आहे. त्यातल्या फाइलींची यादी फाइलच्या शेवटी असते, म्हणून झिपफाइलला मागेपुढे जाता येईल असा स्ट्रीम लागतो. नेटवर्कवरून येणारी झिप आधी कुठेतरी उतरवून घ्यावी लागते. आतली एकेक फाइल मग स्ट्रीमसारखी वाचता येते.

सबप्रोसेसने दुसरा प्रोग्राम चालवला की लहान फाइलवर चालतं, मोठ्यावर कायमचं अडकतं.

पाइप भरला. लिनक्सवर पाइपमध्ये मुळात ६५५३६ बाइट मावतात. तुम्ही पीओपन करून वेट म्हटलंत, म्हणजे तो प्रोग्राम संपायची वाट बघताय. त्याचं आउटपुट ६४ केबीच्या पुढे गेलं की तो कुणीतरी पाइप रिकामा करायची वाट बघतो. दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात. कम्युनिकेट वापरा, ते दोन्ही पाइप एकत्र रिकामे करतं. पण सगळं मेमरीत घेतं. आउटपुट अवाढव्य असेल तर एसटीडीआउटवर लूप लावा आणि एसटीडीएरर वेगळ्या फाइलला किंवा एसटीडीआउटलाच जोडून टाका.

माझ्या स्क्रिप्टचं आउटपुट हेडला जोडलं की 'ब्रोकन पाइप' येतं.

हेडने दहा ओळी घेतल्या आणि दार लावून घेतलं. तुम्ही अजून हाका मारताय. युनिक्सच्या जुन्या रिवाजात अशा वेळी लिहिणारा प्रोग्राम सिग्नल मिळून गुपचूप मरतो. पायथन तो सिग्नल सुरुवातीलाच दुर्लक्षित करतो आणि त्याची एरर करून देतो. ब्रोकनपाइपएरर पकडा, आउटपुट डेव्हनलकडे (आलेलं सगळं टाकून देणाऱ्या खोट्या फाइलकडे) वळवा आणि बाहेर पडा. न वळवल्यास पायथन बंद होताना शिल्लक बफर लिहायला परत जातो आणि परत ओरडतो.

सॉकेटवर १०२४ मागितले, ३०० च आले. नेटवर्क खराब आहे का?

ठीक आहे. रिसीव्हला दिलेला आकडा कमाल आहे, वचन नाही. टीसीपीला तुमचा 'मेसेज' ठाऊकच नसतो. तुम्ही दोनदा पाठवलेलं एकदम येऊ शकतं, एकदा पाठवलेलं तीनदा येऊ शकतं. मेसेज कुठे संपतो ते तुम्हीच ठरवायचं: आधी लांबी पाठवा किंवा शेवटी न्यूलाइन. न्यूलाइन ठरवली असेल तर सॉकेटवर मेकफाइल करा, रीडलाइन फुकट मिळतं. रिकामे बाइट आले तर समोरच्याने बंद केलं असं समजा. हे न तपासणारा लूप सीपीयू शंभर टक्क्यांवर नेऊन ठेवतो.

असिंकआयओ वापरत असाल तर राइट केल्यावर अवेट ड्रेन करा. राइट थांबत नाही, नुसतं साठवत जातं. समोरचा हळू असला तर साठा तुमच्याच मेमरीत वाढतो. शिवाय तिथल्या रीडलाइनला ६४ केबीची मर्यादा आहे, लांब ओळी येणार असतील तर लिमिट वाढवून घ्या.

विथ नाही लिहिलं तरी फाइल बंद होतेच की.

नेहमीच्या सीपायथनमध्ये ऑब्जेक्टकडे कुणी बघेनासं झालं की होते, हे खरं. पायपाय या पायथनच्या दुसऱ्या अवतारात केव्हा होईल सांगता येत नाही. लिहिण्याची फाइल असेल आणि प्रोग्राम मधेच मारला गेला तर शेवटचं थारोळं तसंच भरलेलं राहतं आणि फाइलच्या शेवटच्या ओळी गायब. आपण किती ठिकाणी विसरलोय ते बघायचं असेल तर पायथन 'एक्स डेव्ह' पर्यायाने चालवा. एरवी झाकून ठेवलेल्या रिसोर्स वॉर्निंग तो दाखवतो. जुन्या प्रोजेक्टवर पहिल्यांदा चालवताना चहा घेऊन बसा.

हे सगळं टेस्ट कसं करायचं? दर वेळी मोठी फाइल बनवायची?

मोठी नको, वाकडी हवी. आयओ.बाइट्सआयओ ही मेमरीतली फाइल आहे, तिच्यात चार ओळी भरून फंक्शनला द्या. पण बाइट्सआयओ फार शहाणी आहे: मागाल तेवढं देते, आणि खरे स्ट्रीम तसं करत नाहीत. म्हणून मी तिच्यावरून एक छोटा क्लास काढून ठेवला आहे. त्याचा रीड कितीही मागा, एकच बाइट देतो. असा स्ट्रीम दिल्यावर प्रत्येक अक्षर दोनदा तुटतं, प्रत्येक ओळ एकेका बाइटच्या तुकड्यांत येते, आणि सांध्यावरची जी चूक ८१९२ व्या बाइटला कधीतरी दिसली असती ती पहिल्याच शब्दाला दिसते. मजकूर म्हणून मी 'झुळूक, ऐन, एकमुखी रुद्राक्ष' एवढंच देतो. यात उकार आहे, हलन्त आहे, ए, ऐ आणि झ आहेत, म्हणजे १२५२ ला न पचणारे पाचही बाइट आले. कुणी एन्कोडिंग लिहायचं विसरलं असेल तर विंडोजवर ही ओळ पहिल्याच अक्षराला अडते.